छातीतलं पाणी कुठून आलं? प्रथिनं, एलडीएच आणि त्यापुढचे आकडे कसे वाचावेत

दोन टेस्ट ट्यूब शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींत वाळल्या गवताच्या रंगाचं, फिकट पिवळं, स्वच्छ पाणी. एक हृदय कमजोर झालेल्या रुग्णाच्या छातीतून काढलेलं, दुसरं क्षयाच्या रुग्णाच्या. कितीही निरखून पाहिलं, उजेडाकडे धरून पाहिलं, तरी डोळ्यांना फरक कळत नाही. उपचार मात्र अगदी वेगळे: एकाला लघवी वाढवणारं औषध, दुसऱ्याला सहा महिन्यांची टीबीची औषधं. हा फरक पहिल्यांदा दाखवतात ते बायोकेमिस्ट्रीचे आकडे.

हा लेख मुख्यतः वॉर्डात नव्याने टॅपिंग, म्हणजे सुईने छातीतलं पाणी काढणं, करू लागलेल्या डॉक्टरांसाठी आणि ते नमुने हाताळणाऱ्या लॅबमधल्या मंडळींसाठी आहे. घरातल्या कुणाच्या छातीत पाणी झालंय म्हणून हातात रिपोर्ट घेऊन बसलेल्या नातेवाइकांनाही तो वाचता येईल. पण एकट्या रिपोर्टवरून घरी निदान करू नका. का ते पुढे कळेलच.

आधी मुळातला प्रश्न: चाळणी शाबूत आहे की सैल झाली?

फुफ्फुसाभोवती आणि बरगड्यांच्या आतून असे आवरणाचे दोन पदर असतात. त्यांच्यामध्ये निरोगी माणसातही थोडं पाणी असतं, साधारण चहाचे दोन-चार चमचे. ते सतत पाझरतं आणि सतत शोषलं जातं. हा हिशेब दोन तऱ्हांनी बिघडतो.

पहिल्या तऱ्हेत केशवाहिन्यांची चाळणी धड असते, पण दाबाचं गणित चुकतं. हृदय नीट पंप करत नाही म्हणून मागे दाब वाढतो, किंवा लिव्हर सिऱ्होसिस वा नेफ्रोटिक सिंड्रोममुळे (किडनीतून प्रथिनं वाहून जाणं) रक्तातलं अल्ब्युमिन हे मुख्य प्रथिन कमी होऊन पाणी धरून ठेवणारा जोर घटतो. चाळणी शाबूत असल्यामुळे पाणी झिरपतं, पण प्रथिनांचे मोठे रेणू बहुतांशी मागेच राहतात. हे ट्रान्सुडेट.

दुसऱ्या तऱ्हेत चाळणीच सैल होते. न्यूमोनिया, क्षय, कॅन्सर, संधिवात, फुफ्फुसात अडकलेली गुठळी, कारण काहीही असो, आवरणाला सूज येते आणि प्रथिनंही पाण्याबरोबर बाहेर पडतात. हे एक्झुडेट.

यावरून दोन मुख्य मार्कर का निवडले गेले ते समजतं. प्रथिनं सांगतात चाळणी किती सैल झाली. एलडीएच हे पेशींच्या आत राहणारं एन्झाइम. पेशी मरतात, फुटतात, सूज पेटते तेव्हा ते पाण्यात उतरतं, म्हणजे एलडीएच सांगतं आत धुमसतंय किती. दोन्ही आकडे मिळून गोष्ट पुरी होते.

पाणी काढायची गरज आहे का?

दोन्ही बाजूंना पाणी, पाय सुजलेले, मानेच्या शिरा फुगलेल्या, ताप नाही, छातीत टोचत नाही, हृदयविकार माहीत असलेला रुग्ण: इथे सुई घालायची घाई करू नये. हृदयाचे उपचार सुरू करून काही दिवस पाहावं. पाणी एकाच बाजूला असेल, दोन्ही बाजूंना असूनही कमीजास्त असेल, ताप असेल, श्वास घेताना टोचत असेल, किंवा उपचार देऊनही पाणी हटत नसेल, तर मात्र टॅप करावाच.

पायरी १: पाण्याआधी रक्त घ्या

संपूर्ण लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. पाण्याच्या नमुन्याबरोबर त्याच वेळी रक्ताचा नमुना गेलाच पाहिजे: सिरम प्रोटीन, अल्ब्युमिन, एलडीएच आणि ग्लुकोज.

पाण्यातली प्रथिनं ३.२ ग्रॅम प्रति डेसिलिटर आली, एवढं कळून काही ठरत नाही. रक्तात ७.५ असतील तर गुणोत्तर ०.४३, आणि कुपोषित रुग्णाच्या रक्तात ५ असतील तर ०.६४. तेच पाणी, तोच आकडा, आणि अर्थ उलटे. पूर्वी ३ ग्रॅमची एकच रेघ मारून वर्गीकरण करत आणि त्यात बरीच गफलत व्हायची, ती याचमुळे.

मी शिकत असताना एका रात्री पाणी काढून नमुने पाठवले आणि रक्त सकाळी घेऊ म्हणून सोडून दिलं. सकाळपर्यंत रुग्णाला रात्रभर लघवीचं औषध चाललं होतं, सलाइनही चढली होती. मग त्या रक्ताचा त्या पाण्याशी मेळच बसेना, आणि त्या वयस्क बाईंच्या पाठीत दुसऱ्यांदा सुई घालावी लागली. तेव्हापासून टॅपिंगच्या ट्रेमध्ये रक्ताची ट्यूब मी पहिल्यांदा ठेवतो, लोकल ॲनेस्थेशियाच्याही आधी.

पायरी २: कुठलं पाणी कुठल्या ट्यूबमध्ये

साधारण ३० ते ५० मिलिलिटर पाणी तपासण्यांना पुरतं. प्रथिनं, एलडीएच, अल्ब्युमिन, कोलेस्टेरॉल आणि एडीए (क्षयाच्या शंकेत मोजायचं एन्झाइम) यांच्यासाठी साधी ट्यूब. ग्लुकोजसाठी करड्या झाकणाची फ्लोराइड ट्यूब, कारण साध्या ट्यूबमध्ये पांढऱ्या पेशी ग्लुकोज खात राहतात आणि आकडा खोटा कमी येतो. पेशी मोजायला जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब. जंतूंच्या कल्चरसाठी ब्लड कल्चर बाटलीतही थोडं पाणी घालावं, त्याने जंतू सापडण्याची शक्यता वाढते. सायटोलॉजीसाठी, म्हणजे कॅन्सरच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली शोधायला, उरलेलं सगळं.

पीएचची गोष्ट निराळी आहे आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पीएच हेपरिन लावलेल्या सिरिंजमध्ये, हवेचा बुडबुडा न ठेवता, तोंड बंद करून, तासाभराच्या आत ब्लड गॅस मशीनवर लावायचा. कागदी पट्टी किंवा साधं पीएच मीटर चालत नाही. सिरिंजमध्ये हवा राहिली तर कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच खोटा वर चढतो. ज्या सिरिंजने लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध दिलं तिनेच पाणी ओढलं तर पीएच खोटा खाली येतो, कारण लिग्नोकेन आम्लधर्मी असतं. दोन्ही चुका उपचार बदलू शकतात. नमुना सरळ पू असेल तर पीएच लावूच नका. मशीन तुंबेल, आणि पू दिसल्यावर नळी घालायला वेगळा आकडा लागत नाही.

नमुना रक्ताळलेला असेल तर तसं फॉर्मवर लिहा. लाल पेशींत एलडीएच भरपूर असतं. त्या फुटल्या की पाण्यातलं एलडीएच फुगतं आणि ट्रान्सुडेट एक्झुडेटचा वेश घेतं. आणि एलडीएचचा नमुना लगेच लावता येणार नसेल तर फ्रिजमध्ये ढकलू नये. या एन्झाइमचे काही प्रकार थंडीत लवकर मंदावतात.

पायरी ३: लाइटचे निकष लावा

रिचर्ड लाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये १५० नमुन्यांच्या अभ्यासातून तीन निकष मांडले. अर्धशतक उलटलं, तरी सुरुवात आजही तिथूनच होते. खालीलपैकी एक जरी लागू झाला तरी पाणी एक्झुडेट मानायचं:

पाण्यातली प्रथिनं भागिले रक्तातली प्रथिनं ०.५ पेक्षा जास्त.
पाण्यातलं एलडीएच भागिले रक्तातलं एलडीएच ०.६ पेक्षा जास्त.
पाण्यातलं एलडीएच, लॅबच्या रक्तासाठीच्या कमाल सामान्य पातळीच्या दोन-तृतीयांशपेक्षा जास्त.

तिसऱ्या निकषात मूळ आकडा २०० युनिट होता. पण एलडीएच मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या असल्यामुळे एका लॅबचे २०० दुसरीकडे वेगळेच निघतात. म्हणून तुमच्या रिपोर्टवर छापलेली कमाल मर्यादा घ्या आणि तिला ०.६७ ने गुणा. मर्यादा २५० असेल तर रेघ १६७ वर. दुसऱ्या लॅबची मर्यादा पाठ करून वापरणं ही रोजची चूक आहे.

एक निकष लागला तरी पुरे, असा नियम का? कारण एक्झुडेट सुटून जाणं महागात पडतं. क्षय किंवा कॅन्सर ‘साधं पाणी’ म्हणून घरी गेला तर नुकसान मोठं. म्हणून हे जाळं मुद्दाम बारीक विणलंय. ते जवळजवळ सगळी एक्झुडेट्स पकडतं, सुमारे ९८ टक्के. पण त्याची किंमत म्हणून साधारण चारातलं एक ट्रान्सुडेट चुकून त्यात अडकतं.

पायरी ४: चुकून अडकलेलं ट्रान्सुडेट सोडवा

हे बहुधा लघवीचं औषध चालू असलेल्या हृदयरोग्यांत घडतं. औषधाने पाणी लवकर हटतं, प्रथिनं आणि एलडीएच मागे राहून दाट होतात. वरण आटवलं की दाट होतं, पण डाळ तीच असते. तसंच.

एक उदाहरण नीट मांडून पाहू. समजा ६८ वर्षांच्या बाई, हृदय कमजोर, पाच दिवस फ्युरोसेमाइड हे लघवीचं औषध चालू. उजव्या बाजूला पाणी जास्त, म्हणून टॅप केला. पाण्यात प्रथिनं ३.६, रक्तात ६.८. पाण्यात एलडीएच १४०, रक्तात २६०, लॅबची कमाल मर्यादा २५०.

प्रथिनांचं गुणोत्तर ३.६ भागिले ६.८, म्हणजे ०.५३. रेघ ओलांडली. एलडीएचचं गुणोत्तर ०.५४, रेघेच्या आत. १४० हे १६७ च्या खाली, तेही आत. तीनातला एक निकष लागला, म्हणून नियमाने हे एक्झुडेट. आता टीबी शोधायचा, कॅन्सर शोधायचा, सीटी स्कॅन काढायचा?

थांबा. निकष एकच लागलाय, तोही काठावर, आणि समोरचा रुग्ण दुसरंच सांगतोय. अशा वेळी अल्ब्युमिनची वजाबाकी करा. रक्तातलं अल्ब्युमिन ३.८, पाण्यातलं २.२, फरक १.६. हा फरक १.२ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा जास्त असेल तर पाणी मुळात ट्रान्सुडेट असण्याची शक्यता मोठी. अल्ब्युमिन केलं नसेल तर एकूण प्रथिनांचा फरकही चालतो. तिथे रेघ ३.१ वर आहे. इथे ६.८ वजा ३.६, म्हणजे ३.२. दोन्ही हिशेब एकाच दिशेला बोट दाखवतात. या बाईंना सीटीपेक्षा इकोची आणि औषधाच्या डोसची गरज आहे.

अजून शंका असेल आणि सोय असेल तर एनटी-प्रोबीएनपी, म्हणजे हृदयावर ताण आला की वाढणारा मार्कर, करावं. ते १५०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असेल तर हृदयाकडचं पाणी या निदानाला चांगला आधार मिळतो. रक्तातली आणि पाण्यातली पातळी जवळपास सारखीच निघते, त्यामुळे नुसत्या रक्तावर केलं तरी भागतं.

मात्र वजाबाकी सगळ्यांना सरसकट लावू नका. ती एकटी वापरली तर खरी एक्झुडेट्स सुटतात. आधी लाइटचे निकष, ते आणि रुग्ण यांचं जुळत नसेल तरच वजाबाकी. हा क्रम उलटा करायचा नाही.

रक्त घेतलंच नसेल तर?

रक्त घेणं राहून गेलं, किंवा शिरा सापडत नाहीत, तर फक्त पाण्यावरचे तीन आकडे वापरता येतात: प्रथिनं २.९ ग्रॅमच्या वर, कोलेस्टेरॉल ४५ मिलिग्रॅमच्या वर, एलडीएच लॅबच्या कमाल मर्यादेच्या ०.४५ पटीहून जास्त. यातलं एक जरी असलं तरी एक्झुडेट. हा मार्ग लाइटच्या निकषांच्या तोडीचा आहे. पण अडचणीच्या वेळचा म्हणूनच तो ठेवावा असं माझं मत आहे, कारण रक्ताशिवाय चौथ्या पायरीची वजाबाकी करता येत नाही.

पायरी ५: एक्झुडेट ठरलं, आता कारण शोधा

ट्रान्सुडेट निघालं की बहुतेक वेळा हृदय, लिव्हर, किडनी यांच्यापाशी काम संपतं. एक्झुडेट हा शब्द मात्र रस्त्याचा फाटा आहे, मुक्काम नव्हे.

न्यूमोनियाबरोबर पाणी झालं असेल तर पीएच, ग्लुकोज आणि एलडीएच या तिघांकडे एकत्र पाहा. निरोगी आवरणातल्या पाण्याचा पीएच ७.६० च्या आसपास असतो. जंतू आणि पांढऱ्या पेशी ग्लुकोज खातात, लॅक्टिक ॲसिड आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणून ग्लुकोज आणि पीएच हातात हात घालून घसरतात. पेशी मरतात तसं एलडीएच चढतं. पीएच ७.२० च्या खाली गेला की नुसत्या अँटिबायोटिकवर भिस्त ठेवू नये, नळी घालून पाणी काढायचं. पीएच नीट मोजता आला नसेल तर ग्लुकोज ६० मिलिग्रॅमच्या खाली आणि एलडीएच १००० च्या वर यांवरून तोच निर्णय घेता येतो. इथे उशीर करणं फार वाईट. दोन-तीन दिवसांत पाण्यात जाळी धरते, कप्पे पडतात, आणि जे काम नळीने झालं असतं त्याला ऑपरेशन लागतं. एक अपवाद ध्यानात ठेवा: प्रोटिअस जातीचे जंतू युरिया फोडून अमोनिया करतात, त्यामुळे पू असूनही पीएच वर दिसू शकतो.

कमी ग्लुकोज म्हणजे जंतूच असं समजू नका. क्षय आणि कॅन्सरमध्येही ते ६० च्या खाली जातं. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात तर अनेकदा ३० च्याही खाली. सांधे सुजलेला रुग्ण, ताप फारसा नाही, आणि पाण्यात ग्लुकोज जवळजवळ शून्य, असं दिसलं की बोटांचे सांधे पुन्हा एकदा तपासा.

क्षयासाठी एडीए. या एन्झाइमचे दोन मुख्य प्रकार असतात. मॅक्रोफेज पेशींकडून येणारा एडीए-२ क्षयात वाढतो. एडीए-१ सगळ्याच पेशींत असतो आणि पू झाला की तो चढतो. नेहमीच्या तपासणीत दोघांची बेरीज येते. म्हणूनच एडीए ४० युनिटच्या वर आलं की लगेच टीबी म्हणायचं नाही, आधी पेशींचा हिशेब मागवायचा. पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट अर्ध्याहून जास्त आणि एडीए ४० च्या वर असेल तर क्षयाची शक्यता खूप वाढते. न्यूट्रोफिल (पू करणाऱ्या पांढऱ्या पेशी) भरलेले आणि एडीए प्रचंड असेल तर आधी पू समजा. विशेषतः एलडीएच हजारांत, ग्लुकोज कमी आणि एडीए २५० च्या वर असेल तर क्षयाऐवजी एम्पायमा (छातीतला पू) किंवा लिम्फोमा (लिम्फ पेशींचा कॅन्सर) शोधा. क्षयाच्या अगदी पहिल्या काही दिवसांत न्यूट्रोफिल जास्त दिसू शकतात, तेव्हा थोडे दिवस थांबून पुन्हा नमुना घ्यावा. उलट बाजूने, एडीए कमी असेल तर क्षय नसण्याची शक्यता बरीच वाढते. जिथे क्षय फार आढळतो तिथे याच कारणाने ही तपासणी मोलाची आहे. पण एडीए जंतू दाखवत नाही आणि औषधाला जंतू दाद देईल की नाही हेही सांगत नाही. त्यासाठी कल्चर, मॉलिक्युलर तपासणी आणि गरज पडली तर आवरणाची बायोप्सी लागते.

पाणी दुधाळ दिसलं तर ट्रायग्लिसराइड करा. ११० मिलिग्रॅमच्या वर असेल तर कायलोथोरॅक्स, म्हणजे थोरॅसिक डक्ट ही लिम्फची मुख्य नळी फुटून लिम्फ छातीत आलंय. ५० च्या खाली असेल तर ते बहुधा नाही. मधल्या आकड्याला लायपोप्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिसवर कायलोमायक्रॉन, म्हणजे आतड्यातून येणारे चरबीचे कण, शोधावेत. रुग्ण उपाशी असेल तर मात्र पाणी दुधाळ न दिसताही कायलोथोरॅक्स असू शकतो, रंगावर भरवसा नको. वर्षानुवर्षं साचलेल्या जुन्या पाण्यातही दुधाळपणा येतो. तिथे ट्रायग्लिसराइड कमी असतं, कोलेस्टेरॉल २०० च्या वर असतं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली कोपरा तुटलेल्या पाटीसारखे चपटे स्फटिक दिसतात. ते एकदा पाहिले की विसरत नाहीत.

काही तपासण्या फक्त शंका असेल तेव्हाच मागवाव्यात. पोटात तीव्र वेदना किंवा अन्ननलिका फाटल्याची शंका असेल तर अमायलेज. स्वादुपिंडातून आलेलं आणि लाळेतलं अमायलेज वेगळं ओळखता येतं. पाण्याला लघवीचा वास आणि मूत्रमार्गात अडथळा असेल तर पाण्यातलं क्रिएटिनिन. ते रक्तातल्यापेक्षा जास्त निघालं तर लघवीच छातीत उतरली आहे. पेरिटोनिअल डायलिसिस चालू असलेल्या रुग्णात प्रथिनं १ ग्रॅमहून कमी आणि ग्लुकोज रक्ताच्या कितीतरी पट असेल तर डायलिसिसचं द्रव डायफ्रॅममधून वर आलंय. पाणी रक्तासारखं दिसतं तेव्हा त्याचा हिमॅटोक्रिट, म्हणजे लाल पेशींचं प्रमाण, करा. रक्ताच्या हिमॅटोक्रिटच्या निम्मा किंवा जास्त असेल तरच त्याला हिमोथोरॅक्स, म्हणजे छातीत साचलेलं रक्त, म्हणावं. थोडं रक्त मोठ्या पाण्यालाही लालभडक करतं.

आकडे आपसांत भांडत असतील तेव्हा

प्रथिनं ट्रान्सुडेटच्या बाजूची आणि एकटं एलडीएच चढलेलं असेल तर नमुना रक्ताळला होता का ते आधी विचारा. नसेल तर कॅन्सरचा विचार मनात आणा, तो अशी चाल करतो. कॅन्सरमुळे झालेल्या पाण्याचे काही नमुने ट्रान्सुडेटच्या रेघेखालीही राहतात, त्यामुळे वजन घटलेल्या, एकाच बाजूला वारंवार पाणी भरणाऱ्या रुग्णात रिपोर्ट ‘ट्रान्सुडेट’ आला म्हणून सायटोलॉजी गाळू नये. प्रथिनं ७-८ ग्रॅमपर्यंत गेली तर मल्टिपल मायलोमा किंवा वॉल्डनस्ट्रॉम हे प्रथिनं वाढवणारे रक्ताचे कॅन्सर आठवावेत.

आणि काठावरचा आकडा काठावरचाच म्हणून लिहा. ०.५१ आणि ०.४९ यांत रुग्णाच्या दृष्टीने काही फरक नाही. दोन दिवसांत तोच नमुना पुन्हा लावला तरी एवढा फरक पडू शकतो. ०.९ आला असता तर गोष्ट वेगळी. रेघेपासून आकडा जितका लांब, तितका त्याच्यावर विश्वास ठेवा.

केसपेपरवर नुसतं ‘एक्झुडेट’ लिहून सोडू नका. वर सांगितलेल्या बाईंच्या बाबतीत मी असं लिहीन: ‘प्रथिन गुणोत्तर ०.५३, एलडीएच गुणोत्तर ०.५४, पाण्यातलं एलडीएच १४०, लॅब मर्यादा २५०. अल्ब्युमिन फरक १.६. रक्त आणि पाणी एकाच वेळी घेतलं. पाच दिवस फ्युरोसेमाइड चालू. हृदयाकडचं पाणी असण्याची शक्यता जास्त. सायटोलॉजी पाठवली आहे. उपचारांनी कमी न झाल्यास पुन्हा टॅप.’ रात्रपाळीला येणाऱ्या डॉक्टरला यातून कळतं की निर्णय कशाच्या आधारावर झाला आणि तो कधी बदलायचा.

पहिल्या टॅपमध्ये काहीच हाती लागलं नाही आणि कॅन्सरची शंका असेल, तर दुसऱ्यांदा पाणी काढून पुन्हा सायटोलॉजी करण्यात अर्थ आहे. तिसऱ्यांदा करून फारसा फायदा होत नाही. तोवरही उत्तर मिळालं नाही तर पाणी काढत बसण्यापेक्षा थोरॅकोस्कोपीने, म्हणजे छातीत दुर्बीण घालून, आवरणाचा तुकडा घ्यावा.